यंत्रालाही ‘वाचता येत नाही’ म्हणू द्या

मुंबईत घर मिळणार की नाही हे पुष्कळदा एका तारखेवर ठरतं, आणि ती तारीख एखाद्या जीर्ण कागदाच्या कोपऱ्यात असते. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर घर मोफत. त्यानंतरचे, पण १ जानेवारी २०११ पर्यंतचे असाल तर अडीच लाख रुपये भरायचे. गिरणी कामगाराच्या घरासाठी माणूस १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत कामाला असायला हवा. यासाठी लोकांच्या हातात काय असतं? लाइट बिल, रेशन कार्ड, मतदार यादीतलं एखादं पान, १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर मिळालेला फोटोपास, म्हणजे झोपडीवाल्याचं फोटो लावलेलं ओळखपत्र. गिरणीवाल्यांकडे तिकीट नंबर (गिरणीतला कामगाराचा क्रमांक), ईएसआयसीचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, सर्व्हिस सर्टिफिकेट. हे कागद पत्र्याच्या पेटीत, गादीखाली, देव्हाऱ्यामागे जपलेले असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीकाठच्या कुर्ल्या-कालिन्यात अशा कितीतरी पेट्या पाण्याखाली गेल्या. पंख्याखाली वाळवलेले ते कागद आजही लोक घेऊन येतात. शाई पसरलेली, घड्यांवर अक्षरं उडालेली.

आता या कागदात आणि तो तपासणाऱ्या माणसात एक नवा मध्यस्थ आला आहे. मोबाइलवरचं स्कॅनिंग अॅप कागदाचा फोटो काढतं, डाग पुसतं, अक्षरं ठळक करतं. दुसरं यंत्र तो फोटो वाचतं आणि नाव, पत्ता, तारीख रकान्यात भरून टाकतं. बँकेचं खातं उघडताना आधार कार्डाचा फोटो काढला की पत्ता आपोआप भरला जातो, तो याच तऱ्हेने. या दोन्ही कामांमागे न्यूरल नेटवर्क आहे, म्हणजे नमुने पाहून शिकणारी संगणक प्रणाली. सरकारी कचेऱ्यांमध्ये कागदांचे ढीग इतके आहेत की हे तंत्र तिथे पोचणार यात मला शंका वाटत नाही, आणि त्याला माझा विरोधही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या कागदावर माणसाचा हक्क अवलंबून आहे, तिथे यंत्राला न दिसलेलं भरून काढण्याची मुभा असता कामा नये. ‘इथे वाचता येत नाही’ हे उत्तर त्याला देता आलं पाहिजे, आणि कचेरीने ते उत्तर मान्य केलं पाहिजे.

हे समजायला यंत्र काय करतं ते थोडं पाहावं लागेल. १९८९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये यान लकून आणि सहकाऱ्यांनी पाकिटांवरचे हाताने लिहिलेले पिन कोड वाचणारं न्यूरल नेटवर्क बनवलं. पुढे त्याच घराण्यातली यंत्रं बँकांचे चेक वाचू लागली. हजारो नमुने दाखवायचे, प्रत्येकाखाली खरा आकडा सांगायचा, आणि चूक झाली की आतली वजनं, म्हणजे हिशेबातले आकडे, थोडी थोडी बदलत जायची, अशी ती शिकतात. शिकून झाल्यावर यंत्र सांगतं की हा आकार सात असण्याची शक्यता इतकी, एक असण्याची इतकी. म्हणजे मुळातच ते शक्यतेच्या भाषेत बोलतं. घोळ पुढे होतो. सर्वांत मोठी शक्यता तेवढी उचलून रकान्यात टाकली जाते आणि बाकीच्या शक्यता फेकून दिल्या जातात. रकान्यात जो ‘७’ दिसतो तो पक्का सात आहे की जेमतेम सात आहे, हे नंतर कुणालाच कळत नाही.

चित्र सुधारणारी यंत्रं याच्याही पुढे जातात. धूसर फोटोत जी रेघ उरलेलीच नाही ती कोणतंही गणित परत आणू शकत नाही. तिथे साधारणपणे काय असतं एवढंच यंत्राला लाखो चित्रं पाहून ठाऊक असतं, आणि ते तिथे रंगवलं जातं. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी धूसर चेहऱ्यांचे स्पष्ट फोटो तयार करणारी एक प्रणाली मांडली. कुणीतरी तिला बराक ओबामांचा बारीक चौकोनांत विरघळलेला फोटो दिला, तर समोर एक गोरा माणूस आला. चेहरा अगदी स्वच्छ होता, पण दुसऱ्याच कुणाचा तरी. मार्च २०२३ मध्ये एका माणसाने चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर ठेवला आणि दूर उभं राहून सॅमसंगच्या फोनने तो टिपला. फोनमधल्या चित्रात चंद्रावरची विवरं उमटली, जी समोरच्या पडद्यावर नव्हतीच. चंद्राच्या बाबतीत यात कुणाचं नुकसान नाही. रेशन कार्डावरच्या पुसट सालाच्या बाबतीत आहे.

कागदपत्रांच्या जगात या धोक्याची सूचना याआधीच मिळालेली आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यात न्यूरल नेटवर्क नव्हतंच. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडे बदलतात. एका घराच्या नकाशात तीन खोल्या होत्या, त्यांचं क्षेत्रफळ १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्ही खोल्यांवर १४.१३ लिहिलेलं होतं. फाइलचा आकार कमी करण्यासाठी यंत्र एकसारखे दिसणारे छोटे तुकडे शोधायचं, त्यातला एकच जपायचं आणि तोच सगळीकडे चिकटवायचं. पानावर कुठे डाग नव्हता, अक्षर फाटलेलं नव्हतं. छपाई देखणी होती, त्यामुळे कुणाला संशय येण्याचं कारणच नव्हतं. ही यंत्रं कित्येक वर्षं वापरात होती. कंपनीला दुरुस्ती पुरवावी लागली आणि २०१५ मध्ये जर्मनी-स्वित्झर्लंडच्या नियामकांनी जतन करायच्या कागदांसाठी ती पद्धत वापरायलाच मनाई केली. एकशे साठ चौरस फुटांच्या बीडीडी चाळीतून पाचशे चौरस फुटांच्या घरात जाण्याची वाट पाहिलेल्या माणसाला क्षेत्रफळाचा एक आकडा बदलणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मला या प्रकरणातून मिळणारा धडा असा वाटतो: जुन्या पद्धतीचं झेरॉक्स बिघडलं की कागद काळा यायचा, रेघा यायच्या, अक्षर तुटायचं. चूक चुकीसारखी दिसायची. चित्रातली पोकळी भरून काढणाऱ्या यंत्राची चूक बरोबर उत्तरासारखीच दिसते, आणि ती पकडण्यासाठी मूळ कागद शेजारी ठेवावा लागतो.

आता आपल्या लिपीकडे येऊ. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना जोडते, त्यामुळे एक अक्षर कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं हे यंत्राला रोमन लिपीइतकं सोपं जात नाही. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांच्यातला फरक एका छोट्या गाठीचा किंवा पोटातल्या रेषेचा. घड्यांवर नेमकी तीच झिजते. आकड्यांत १ आणि ९ चा धोका सर्वांत मोठा. बॉलपेनने घाईत लिहिलेला एक आणि नऊ वेगळे करताना माणसाचाही गोंधळ होतो. आता गिरणी कामगाराच्या सर्टिफिकेटवर काम सोडल्याचं साल १९८१ आहे की १९८९, यावर सगळं उभं आहे. १९८१ वाचलं तर तो १ जानेवारी १९८२ च्या आधीच बाहेर पडलेला, म्हणजे अपात्र. १९८९ वाचलं तर पात्र. इंग्रजी आकड्यांतल्या लाइट बिलावर साल नुसतं ‘98’ असं असेल आणि नवाचं शेपूट उडालं की ते ‘08’ सारखं दिसतं, आणि मोफत घराचे अडीच लाख होतात.

नावांची गोष्ट आणखी नाजूक आहे. आजची वाचणारी यंत्रं अक्षर सुटं वाचत नाहीत, आजूबाजूचा संदर्भ घेऊन वाचतात. म्हणूनच ती इतकी चांगली झाली आहेत. ‘काळाचौ’ एवढंच दिसलं तरी पुढे ‘की’ असणार हे त्यांना कळतं. पण हाच गुण आडनावांच्या बाबतीत उलटतो. जे नाव शिकताना हजार वेळा दिसलं तिकडे यंत्राचा कल जातो. पाटील, शिंदे, जाधव, चव्हाण सुरक्षित आहेत. वरळी-माहीमच्या कोळीवाड्यातला ‘वैती’ कागद थोडा फाटलेला असला तर ‘वैद्य’ होऊ शकतो, ‘घाग’चा ‘बाग’ होऊ शकतो. म्हणजे ही चूक सगळ्यांवर सारखी पडत नाही. ज्यांची नावं कमी लिहिली गेली, ज्यांचे कागद जास्त झिजले, त्यांच्या वाट्याला ती जास्त येणार. आणि नावात फरक आला की आपल्याकडे काय होतं ते कुणालाही विचारा. प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा, पुन्हा रांगेत उभे राहा.

लालबाग-परळ भागात गिरणी कामगारांच्या वारसांचे कागद लावून देण्याच्या कामात मी हातभार लावत आलो आहे. मागे एक ताई सासऱ्यांचं सर्टिफिकेट घेऊन कचेरीत गेल्या. मूळ कागद पिवळा पडलेला, म्हणून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने मोबाइलवर त्याचा फोटो काढून ‘साफ’ करून दिला. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र, शाई गडद, शिक्का कोरीव. तपासणाऱ्या साहेबांनी तो पाहिला आणि विचारलं, चाळीस वर्षांपूर्वीचा कागद इतका नवा कसा? हा बनावट दिसतो. अर्ज बाजूला पडला. ताईंचं काहीच चुकलं नव्हतं. झेरॉक्सवाल्यानेही भल्यासाठीच केलं होतं. पुढे मूळ कागद दाखवून मार्ग निघाला, पण घरात मूळ कागद उरलाच नसता तर?

ही कोंडी वाढत जाणार आहे. हुबेहूब बनावट रेशन कार्ड तयार करणं आता दलालांना सोपं झालं आहे, त्यामुळे कचेऱ्या बनावटपणा ओळखणारी यंत्रं आणतील. ती यंत्रं चित्रात फेरफार झाल्याच्या खुणा शोधतात, आणि अॅपने ‘साफ’ केलेल्या खऱ्या कागदातही तशा खुणा सापडू शकतात. एक यंत्र मदत म्हणून कागद बदलणार, दुसरं तो बदलला म्हणून नाकारणार, आणि मध्ये उभा राहणार तो ज्याला या दोन्ही यंत्रांचं नावही माहीत नाही.

घरातल्या फोटोंबद्दल माझी काही तक्रार नाही. आजोबांचा बुरशी लागलेला फोटो कुणी यंत्राकडून उजळून, रंग भरून घेतला आणि भिंतीवर लावला तर त्यात आनंदच आहे. फोटोपासवरचा नवरा-बायकोचा फोटो मात्र वेगळा. तिथे चेहरा ही ओळख आहे. तो ‘स्पष्ट’ करताना यंत्राने नाकडोळे स्वतःच्या मनाने घातले तर पुढे चेहरे जुळवणारा माणूस किंवा यंत्र कुणाशी तुलना करणार?

यावर एक आक्षेप रास्त आहे. माणसं काय कमी चुका करतात? रेशन कार्डावर नावं चुकवली ती कारकुनांनीच. कंटाळलेला, पाचशे अर्ज पुढ्यात असलेला माणूस संध्याकाळी पाच वाजता यंत्रापेक्षा वाईट वाचतो. शिवाय यंत्र चहापाणी मागत नाही. हे सगळं मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी यंत्र नको असं म्हणत नाही. पण कारकुनाने चूक केली की त्याला टेबलाशी जाऊन विचारता येतं, ‘साहेब, हा नऊ आहे, नीट बघा.’ तो भिंग घेतो, शेजारच्याला दाखवतो, शेरा मारतो. यंत्राने भरलेल्या रकान्याशी कोण वाद घालणार? खिडकीवरचा माणूस सांगतो, ‘सिस्टीममध्ये असं आहे.’ आणि एका कारकुनाची चूक त्याच्या टेबलापुरती असते, यंत्राची एक सवय लाखभर अर्जांत सारखीच उतरते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले होते, हे आकडे समोर ठेवले की याचा अर्थ लक्षात येतो.

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने एकदा शोधून काढलेलं आहे, म्हणून मला आशा वाटते. सातबारा संगणकावर घेताना हस्तलिखित उताऱ्यांतून असंख्य चुका शिरल्या. क्षेत्र बदललं, नावं गळाली, इतर हक्कांतल्या नोंदी सुटल्या. तेव्हा २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला उतारा तलाठ्याने लोकांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याची जमीन त्याने तिथल्या तिथे हरकत घ्यायची. लेखनातली चूक दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आधीपासून होतंच. सगळीकडे ते सारख्या निष्ठेने झालं नसेल, चुका उरल्याही. पण तत्त्व चोख होतं: नोंद पक्की होण्यापूर्वी ती ज्याच्याबद्दल आहे त्याच्या कानावर पडली पाहिजे. मुंबईला चावडी नाही, पण चाळ कमिटी आहे, सोसायटीची सभा आहे, वॉर्ड ऑफिस आहे. यंत्राने वाचलेला प्रत्येक रकाना, मूळ कागदाच्या चित्राशेजारी ठेवून, अर्जदाराला वाचून दाखवायला काय अडचण आहे?

आणि यंत्र प्रामाणिकपणे बांधता येतं, याचंही उदाहरण आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इटलीतल्या हर्क्युलेनियम गावच्या ग्रंथालयातल्या गुंडाळ्या जळून कोळसा झाल्या. त्या उलगडायला गेलं तर भुगा होतो. २०२३ मध्ये स्पर्धा लावून, क्ष-किरणांनी घेतलेल्या त्रिमित चित्रांतून न्यूरल नेटवर्कच्या साहाय्याने एका बंद गुंडाळीतल्या मजकुराचा काही भाग वाचला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तीन तरुणांना सात लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. शाई शोधणाऱ्या त्या यंत्राला ग्रीक भाषा शिकवलेली नव्हती. ते एका वेळी पृष्ठाचा इतका लहान तुकडा पाहायचं की आख्खं अक्षर मनाने रचण्याची संधी त्याला मिळूच नये. इथे शाई आहे की नाही, एवढंच त्याने सांगायचं. अक्षर कोणतं, शब्द कोणता, हे जुन्या हस्तलिखितांच्या जाणकारांनी ठरवायचं, आणि जे दिसत नाही तिथे रिकामी जागा सोडायची.

आपल्याकडे मोडी वाचणारे हेच करत आले आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसून ज्यांनी मोडी कागद वाचले, त्यांनी फाटक्या जागी टिंबं दिली, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाकलं. वाचकाला कळायचं की इथे मजकूर नाही, इथे वाचणाऱ्याचा तर्क आहे. आता मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणाऱ्या यंत्रांवरही काम सुरू आहे. मोडी जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असताना ते स्वागतार्हच आहे. फक्त त्या यंत्राला टिंबं द्यायलाही शिकवा. कुणबी नोंदींपासून जमिनीच्या सनदांपर्यंत मोडी कागद आज पुरावा म्हणून पुढे येत आहेत, आणि तिथे गुळगुळीत वाक्यापेक्षा तुटकं पण खरं वाक्य कामाचं.

कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेवर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा, नोंदवावं लागतं. हॅशमुळे त्या क्षणानंतर फाइल बदललेली नाही एवढं कळतं. फोनने फोटो काढतानाच अक्षर रंगवलं असेल तर हॅश त्या रंगवलेल्या अक्षराचीच ग्वाही देणार. तेव्हा कागदाचं पहिलं, कसलीही सुधारणा न केलेलं चित्र जपणं, सुधारलेल्या प्रतीवर तसं ठळक लिहिणं, आणि पात्रता-अपात्रता ठरवताना पहिलं चित्रच प्रमाण मानणं, ही नियमाची बाब व्हायला हवी. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हाडा आणि मुंबईची दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयं अशी यंत्रणा विकत घेतील तेव्हा निविदेतच हे लिहिता येईल: प्रत्येक रकान्याशेजारी यंत्राची खात्री किती ते दिसलं पाहिजे, खात्री कमी असेल तर रकाना रिकामा राहिला पाहिजे, आणि रिकाम्या रकान्यामुळे कुणी आपोआप अपात्र ठरता कामा नये, तो कागद माणसाच्या टेबलावर गेला पाहिजे. नकार द्यायचा तर लेखी कारणासह, अधिकाऱ्याच्या सहीने. यातलं काहीच तंत्रज्ञांना अवघड नाही. शक्यतेचे आकडे बहुतेक यंत्रांच्या आत असतात, ते बाहेर दाखवायचे एवढंच. जी यंत्रं विश्वासार्ह आकडा देऊ शकत नाहीत, नुसतं सफाईदार उत्तर लिहून देतात, ती या कामाला घेऊच नयेत.

वेळ जास्त लागेल, असं म्हटलं जाईल. लागेल. पण चुकीच्या नकारानंतरची अपिलं, प्रतिज्ञापत्रं आणि हेलपाटे यांचा वेळही कुणीतरी मोजावा. तो सध्या अर्जदाराच्या खिशातून जातो, म्हणून हिशेबात येत नाही.

सुरुवात गिरणी कामगारांच्या कागदांपासून करावी, असं मला सुचवायचं आहे. १९८२ च्या संपाच्या वेळी विशीत असलेला कामगार आज साठीच्या पुढे आहे, तेव्हा चाळिशीत असलेला ऐंशी पार करून गेला आहे. कागदावरचा आकडा एक आहे की नऊ, हे ठामपणे सांगू शकणारा माणूस तोच आहे. त्या वेळी गिरणीतल्या त्याच्या खात्यात कोण होतं, मुकादम कोण, तिकीट कितीचं, हे त्याला आठवतं. त्याचा अर्ज यंत्राने वाचून झाला की तो रकाना न् रकाना त्याला वाचून दाखवा आणि त्याचं म्हणणं शेजारी नोंदवा. वारसांना हे सांगता येणार नाही, त्यांच्याकडे फक्त कागद उरेल.